आवाज बाहेर न जाणारी खोली

८ नोव्हेंबर

आज खोलीत गेले, कीबोर्डवरचं कापड काढलं, स्पीकर चालू केले आणि बसून राहिले. हातातला चहा गार झाला. मग स्पीकर बंद केले, कापड घातलं आणि बाहेर आले. याला रियाज म्हणत असतील तर तो मी रोज नेमाने करते आहे.

मनातला विचार एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात वळवळणार नाही. सगळं विकून टाकावं. दोन्ही कीबोर्ड, मिक्सर, माइक, स्पीकर, स्टँड, वायरींचा गुंता, सगळं. इतकी वर्षं जाहिरातींना आणि रेडिओच्या श्रुतिकांना संगीत दिलं, पोटापुरतं मिळालं, नावापुरतं नावही झालं. आता आटलं. विहीर आटली तर तिला कुणी जाब विचारत नाही.

मला विचारणारा एकच आहे. मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. नोकरी विमा कंपनीत, पण हातात सदा पकड नाहीतर पाना. हे नाव त्याच्या आईनेच ठेवलेलं. शाळेत असताना त्याने घरातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला उघडलं, ते अजून मिटलेलं नाही असं त्या सांगतात. गेल्या उन्हाळ्यात त्याने ही खोली माझ्यासाठी केली. मी वाजवायला लागले की वरच्या मजल्यावरचे काका जमिनीवर काठी आपटायचे. मिस्त्रीने एकही कारागीर न बोलावता भिंतींना जाड फोम लावला, खिडकीला दुहेरी काच बसवली, दाराला रबराची कड लावली. बाथरूमवरच्या माळ्याचं दार या खोलीत उघडतं. त्या माळ्याच्या मागच्या भिंतीला बाहेर जाणारं एक भोक होतं आणि आवाज तिथूनच वर जायचा, म्हणून तेही त्याने बुजवून टाकलं. आता आत ढोल बडवला तरी बाहेर कुणाच्या कानावर जायचं नाही.

"राणीला महाल दिलाय," म्हणाला होता. हाताला फोड आले होते त्याच्या.

या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या महालात पाऊल टाकलं की मला रडू येतं?

१३ नोव्हेंबर

बालनाट्याच्या दिग्दर्शकाचा फोन. "अस्वल कधीपासून विंगेत उभं आहे, त्याला संगीत द्या हो!" अस्वलाच्या प्रवेशाचा तुकडा मी कधीच द्यायला हवा होता.

गंमत अशी, की तो तुकडा आज मला सुचला. इस्त्रीवाल्याच्या दुकानात उभी होते. खालच्या पट्टीत जड चार सुरांची पावलं आणि वर एक खोडकर उडी. घरी येईपर्यंत गुणगुणत होते. जिन्यात तर अस्वलासारखी चाललेसुद्धा. सरळ खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहिली ओळ हाताखाली आली. मग तिचं पुढे काय करायचं तेच समजेना. थोड्या वेळाने पहिली ओळही मूर्खासारखी वाटायला लागली. कपाळाला कुणी ओला टॉवेल करकचून बांधावा तसं डोकं. मिस्त्री स्वयंपाकघरात भांडी घासत होता, आज त्याची पाळी. पलीकडे बाथरूममध्ये गॅसचा गीझर भुरभुरत होता. बाहेरून या खोलीत येणारा तेवढा एकच आवाज. तो ऐकत बसले.

खोलीबद्दल एक मात्र मान्य करायला हवं. बाकीचं घर गारठलंय आणि ही खोली उबदार असते. खिडकीच्या काचेला आतून घाम येतो. मिस्त्री त्या घामावरून बोट फिरवतो आणि खूश होतो. "बघ, ऊबसुद्धा बाहेर जात नाही."

२१ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आले. डोकं दुखतं, मळमळतं, कामात मन लागत नाही, शब्द आठवत नाहीत, हे सगळं सांगितलं. त्यांनी वय विचारलं आणि वय ऐकून त्यांचं समाधान झालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. "घरी सगळं ठीक?" म्हणाले. मी म्हटलं, "घरी फारच ठीक आहे." हे बोलताना मला का लाज वाटली कोण जाणे.

तिथून नाटकाच्या तालमीला गेले. त्यांचा मोडका कीबोर्ड, दोन पट्ट्या मुक्या, हॉलच्या खिडक्यांना काचा नाहीत, थंडीने बोटं काकडलेली. तिथे मी संध्याकाळपर्यंत वाजवलं. अस्वल झालं, सशाचं झालं, वादळसुद्धा झालं. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही आजारी आहात असं कोण म्हणतं?"

घरी येताना विचार केला आणि निदान सापडलं. मला चार माणसं समोर लागतात. टाळी लागते. एकटीने बसून खरं काही करायची ताकद माझ्यात उरलेली नाही. कदाचित कधी नव्हतीच.

२ डिसेंबर

काल सांगितलं मिस्त्रीला. तो कपाटाची बिजागरी बसवत होता.

"मी सगळं विकावं म्हणतेय."

त्याने स्क्रू पूर्ण आवळला. मग विचारलं, "काय कमी पडलं खोलीत?"

"अरे, खोलीचा काय संबंध? माझंच मन उडालंय."

"आवाज येतो का बाहेरचा? तसं असेल तर दाराला अजून एक पट्टी लावतो."

"नको रे. पट्टी लावून मन जाग्यावर येत असतं तर मीच लावली असती."

तो हसला नाही. जेवला, भांडी घासली, आणि मी झोपल्यावर केव्हातरी दाराला पट्टी लावून ठेवली. आज सकाळी दार लावलं तर कानात दडा बसल्यासारखं झालं.

९ डिसेंबर

जाहिरात दिली होती. शाळेतल्या संगीताच्या बाई बघायला आल्या. चष्मा केसांत खोचलेला, बोलणं पटापट, मला पहिल्या वाक्यापासून आवडल्या. "ताई, बायका भाजी निवडतात तशी मी वाद्यं निवडते," म्हणाल्या, मग स्वतःच, "बायका म्हणजे काय, मी आहेच की बाई!" आम्ही दोघी हसलो.

त्यांना म्हटलं, निवांत वाजवून बघा, आणि दार लावून घेतलं. मिस्त्री अंघोळीला गेला होता, मग मी कपडे गरम पाण्यात भिजवले. सुरुवातीला बाईंनी काय वाजवलं असेल ते असेल, बाहेर काही कळत नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं तर त्या कीबोर्डवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. पाणी मागितलं.

"वाद्य उत्तम ठेवलंय तुम्ही. पण मला इथे काही सुचेना. डोकं जड झालं बघा." मग ओशाळून म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नाही, त्यामुळे असेल."

त्या गेल्यावर मी बराच वेळ कीबोर्डकडे पाहत होते. माझ्या हातून हे वाद्यालासुद्धा लागलं की काय? आजारी माणसाच्या अंथरुणाला लागतं तसं?

१५ डिसेंबर

गेलं सगळं. बाईंनी शाळेची गाडी आणली होती. मिस्त्रीने एकेक वस्तू चादरीत गुंडाळून स्वतः खाली नेली, हमालाला हात लावू दिला नाही. शेवटी रिकाम्या खोलीत उभा राहून भिंतीवर हात फिरवत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "फोम तरी राहू दे."

संध्याकाळी बाईंचा फोन. "ताई, शाळेत लावला आणि काय बोलतोय म्हणून सांगू! माझी पोरं उठायला तयार नाहीत. त्या दिवशी मलाच काय झालं होतं देव जाणे."

चांगलंच झालं की. फोन ठेवला आणि मोरीच्या कठड्यावर बसून रडून घेतलं. म्हणजे वाद्यात दोष नव्हताच. माझ्यातच होता.

२९ डिसेंबर

खूप दिवसांनी लिहितेय, कारण रडगाणं लिहायला काही नव्हतं. डोकं दुखायचं थांबलंय. गोळ्या लागू पडल्या असतील, नाहीतर ओझं उतरल्यामुळे असेल. भूक लागते. काल फडताळ आवरताना पूर्ण चाल गुणगुणले आणि ती कुणाची म्हणून आठवायला लागले, तर कुणाचीच नव्हती, माझीच. जरा चुटपुट लागली. पण विकलं ते योग्यच झालं, हे आता अंगावरच दिसतंय.

नव्या वर्षात आई येणार आहेत, मिस्त्रीची आई. मोठ्या दिरांची बदली झाली आहे आणि त्यांच्या नव्या घराला चार जिने. आईंचे गुडघे त्यांना नकार देतात. म्हणून आता आमच्याकडे. रिकामी खोली आहेच. मिस्त्री एकदम टवटवीत झाला. पलंग रंगवला, भिंतीत दिवा बसवला. "आईला थंडी सोसत नाही. या खोलीसारखी ऊब तिला कुठे मिळणार?"

५ जानेवारी

आई आल्या. काठी, दोन पिशव्या आणि लोकरीचे गुंडे. खोलीत शिरल्या, दार लावून बघितलं, उघडलं.

"मिस्त्री, ही खोली आहे की पेटी?"

"आई, मी स्वतः केलीय."

"म्हणूनच विचारतेय." मग माझ्याकडे वळून, "तुझी खोली ना गं ही? मी आल्यामुळे तुझं सामान गेलं का?"

"नाही आई. आधीच विकलं. मला नको झालं होतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला? नको झालं?" एवढंच म्हणाल्या. आणि मग पलंगावर ऐसपैस बसल्या. "असो. या वयात मिळते ती खोली शेवटचीच. उबदार आहे, झकास आहे."

मला त्या आवडतात. सासू म्हणून नव्हे, बाई म्हणून आवडतात. त्यांच्यासमोर खोटं टिकत नाही, आणि खरं सांगितलं तर त्या त्याचा बाऊ करत नाहीत.

१७ जानेवारी

आई सकाळी उशिरा उठतात. आम्हा दोघांच्या अंघोळी, माझी धुणीभांडी झाली, मी दार उघडलं, तरी त्या पडूनच. कपाळ चोळत उठतात. "झोपून झोपून डोकं दुखायला लागलंय. सुखाची सवय नाही ना!" म्हणाल्या. दुपारी बाहेर येऊन बसल्या की बऱ्या असतात, मला टोमणे मारण्याइतपत तरी.

माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. एक बाही झाली. आज बघते तर विणकाम पिशवीत कोंबलेलं, सुया वेगळ्या.

"का हो आई?"

"नको वाटतं गं. टाके मोजायला घेते आणि मध्येच हरवते. कुणासाठी विणतेय तेच समजेना मघाशी."

हसत म्हणाल्या. मी हसले नाही. हे शब्द माझे आहेत. शब्द न् शब्द.

२४ जानेवारी

डॉक्टर घरी येऊन गेले. वय विचारलं. "या वयात थोडं विस्मरण व्हायचंच." आई काल मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. ती बहीण जाऊन किती वर्षं झाली.

मी आज मिस्त्रीला सांगितलं. कसं सांगितलं त्याचा आता पश्चात्ताप होतोय. म्हटलं, "त्या खोलीत काहीतरी आहे. आधी मला झालं, शाळेच्या बाईंना तासाभरात झालं, आता आईंना. त्यांना बाहेरच्या खोलीत झोपवू या."

"काहीतरी म्हणजे? भूत?"

"मला काय माहीत! पण आहे."

मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "रात्ररात्र जागून केलेली खोली. तुला नको झाली, मी काही बोललो नाही. आता माझ्या आईलाही त्यात राहू द्यायचं नाही तुला? बाहेर वारं येतं, तिला न्यूमोनिया झाला तर?"

आईंना विचारलं तर त्या चिडल्या. "दिलेली खोली काढून घेतेस? मी काय भाडेकरू आहे?" त्यांच्या जिभेला हे शोभतं, पण डोळे माझ्यावर ठरत नव्हते.

दोघं एका बाजूला आणि मी एकटी. बहुतेक माझंच चुकतंय. स्वतःच्या मनाचं मळभ मी भिंतींना चिकटवतेय.

तरी दार थोडं उघडं ठेवून आले. थोड्या वेळाने पाहिलं तर बंद होतं. मिस्त्री म्हणाला, "फट राहिली होती."

१ फेब्रुवारी

जमेल तसं लिहिते.

रविवारी मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं मुक्कामाला होती. सकाळभर एकामागून एक अंघोळी. गीझर बंद म्हणून झाला नाही. घरात गलका, म्हणून आईंनी दार लावून घेतलं होतं, असं सगळे म्हणाले. जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना उठवायला गेले.

छान झोपल्या होत्या. गाल चक्क गुलाबी. मला वाटलं, कित्येक दिवसांत इतक्या टवटवीत दिसल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसले, हाक मारली, हात चोळला. पुन्हा हाक मारली. आणि मग कपाळावर तो ओला टॉवेल आवळायला लागला.

महिना-दीड महिना तो टॉवेल नव्हता. मी विसरलेसुद्धा होते. तो परत आला आणि मला एकदम कळलं की तो माझ्या मनातून येत नाही, हवेतून येतोय. काय येतंय ते कळलं नव्हतं. येतंय एवढंच कळलं. मी आईंना काखेत धरून ओढलं. त्या पलंगावरून पडल्या, कोपर फुटलं, तरी ओढतच राहिले, दारापर्यंत. तिथून पुढे ओरडल्याचं आठवतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आईंचा चेहरा पाहिला आणि वय विचारलंच नाही. विचारलं, "घरात गीझर गॅसचा आहे का? त्याचा धूर कुठे जातो?"

आम्ही सगळे मिस्त्रीकडे बघायला लागलो. तो खाली बघत होता.

५ फेब्रुवारी

आई शुद्धीवर आहेत. ऑक्सिजन चालू आहे. बोलतात, पण मध्येच शब्द हरवतो आणि त्या त्याची वाट बघत थांबतात.

धूर माळ्यात जात होता. गीझरची नळी माळ्यातून त्या भोकाने बाहेर जायची. भोक बुजवताना मिस्त्रीने नळी कापून आतच ठेवली होती. धुरातल्या त्या विषाला ना वास असतो ना रंग. माळ्यातून ते खोलीत उतरायचं आणि खोलीतून त्याला जायला त्याने कुठेच वाट ठेवली नव्हती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्याने हे सांगितलं. मग म्हणाला, "गीझरचा मेकॅनिक बोलला होता, धुराची नळी आहे ही, बाहेर काढा म्हणून."

"कधी बोलला?"

"उन्हाळ्यात. मला वाटलं, माळा एवढा मोठा आहे. जाईल कुठेतरी."

"गेलं ना कुठेतरी," मी म्हटलं.

त्याने गुडघ्यात डोकं घातलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मला सगळा हिवाळा आठवत होता. मी जे जे ठरवलं, जे जे मानलं, आटलेली विहीर, टाळीची हाव, लायकी, त्यातलं माझं किती आणि त्या नळीचं किती? आणि त्या खोलीत बसून हा मला नकोसा वाटायचा, ते कुणाचं होतं?

२२ फेब्रुवारी

गीझर काढला. खोलीला कुलूप आहे. आई बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ. वारं येतं, येऊ दे.

शाळेच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी नुसत्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, घेऊन जा परत. पोरांना मी समजावते." मला तेही करवेना. त्यांनी मग शाळा सुटल्यावर मला वर्गात बसवलं. उघड्या खिडकीशी बसून वाजवलं. येतंय. सगळं येतंय, बोटं थोडी गंजलीत एवढंच. मोठा कीबोर्ड शाळेलाच राहू दे म्हटलं, लहान परत घेतला. बाहेरच्या खोलीत आईंच्या पलंगापाशी मावतो.

दुपारी आई म्हणाल्या, "मला काय झालं होतं ते मला... ते... माहीत आहे गं. सगळे कुजबुजता, मी काय बहिरी आहे? पण मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस."

"बरं, आई."

मिस्त्री जेवत नाही नीट. काल त्याने लहान कीबोर्ड पाहिला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. "इथे कसं वाजवणार तू? बाल्कनी बंद करून घेऊ. या वेळी सगळं पद्धतशीर करतो. पुस्तक वाचून करतो."

मी त्याच्यासमोर बसले आणि स्पष्ट सांगितलं, "मला खोली नकोय. कुठलीच नकोय. मी इथेच वाजवणार, दारं-खिडक्या सताड उघडी टाकून."

"बरं," म्हणाला. मान डोलावली.

आज संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढायला गेले तर तो तिथे होता. भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा, कठड्यापासून छतापर्यंत, सरळ रेषेत. हातात मापाची टेप. माझी चाहूल लागली नाही त्याला. ओठांनी आकडे पुटपुटत होता, प्रार्थना पुटपुटावी तसे.

आत आईंनी विचारलं, "काय करतोय गं तो?"

"काही नाही. मापं घेतोय."

आई गप्प झाल्या. शब्द हरवला असेल म्हणून मी थांबले. मग त्या अगदी स्वच्छ बोलल्या, "जा. त्याच्या हातातलं ते काढून घे."

मी बाहेर गेले आणि हात पुढे केला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले त्याचे. टेप खिशात घातली आणि माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.